इंजिनचं फाउंडेशन घरी बदलता येतं का? तीन सिलिंडर पेट्रोल, नाशिक

पाथर्डीफाटा | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा.

गाडी २०१२ ची छोटी हॅचबॅक, पेट्रोल, तीन सिलिंडरवाली, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या वेळी लिहिलं तर माझा प्रश्न राहिला बाजूला आणि चार दिवस कुठली कंपनी भारी यावरच कुस्ती चालली.

त्रास असा की पावसाळा संपल्यापासून गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा थरथरतो. द्वारका चौकात दहा मिनिटं अडकलो तर हाताला मुंग्या येतात. एसी लावला की अजून. पळायला लागली की काही नाही, मस्त जाते. पण पहिल्या गिअरला क्लच सोडताना खालून धप्प असा आवाज येतो, रिव्हर्सला तर शेजारचे बघतात, आणि चावी बंद केली की इंजिन एक गचका देऊन थांबतं. बायको म्हणते गाडीला उचकी लागली.

गॅरेजला दाखवली. त्याने बोनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) गेलेत, तिन्ही टाकून घ्या, मजुरी धरून ९,५००. कुठलं गेलंय विचारलं तर म्हणे एक गेलं की बाकीची जाणारच हो साहेब. आता हे पटलंही आणि नाहीही, कारण याच माणसाने मागच्या वर्षी न विचारता माझे चारही प्लग बदलले होते. गाडीला सिलिंडर तीन आहेत.

ऑइल, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो. गोटी (सॉकेट) सेट आहे, रिंग पाने आहेत, जॅक गाडीबरोबर आलेला. बिल्डिंगच्या बेसमेंटला थोडा उतार आहे आणि सेक्रेटरी ऑइलचा एक थेंब पडला तरी ग्रुपवर फोटो टाकतो. भाऊबीजेला कल्याणला जायचंय, म्हणजे कसारा घाट उतरून, त्याच्या आत व्हायला हवं. इंजिन न उतरवता हे काम घरी जमतं का, की उगाच हात घालू नये?

---

सावधचालक | शनिवार, रात्री ११:१५

घालू नका. स्पष्टच सांगतो, ९,५०० जास्त वाटत असतील तर दुसऱ्या दोन गॅरेजला विचारा, अंबडला सातपूरला काय कमी आहेत का. वाचणार किती, तीन-चार हजार? आमच्या चुलतभावाने सायलेन्सर बघायला म्हणून गाडी विटांवर चढवली होती. वीट कशी फुटते माहितीये ना, आधी तडा जात नाही काही नाही, एकदम भुगा. तो बाहेर सरकला होता चहा घ्यायला म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी जॅक फक्त पंक्चरला हातात घेतो.

आणि त्या उताराच्या बेसमेंटमध्ये तर अजिबातच नाही.

---

गोटीपाना | रविवार, सकाळी ७:५०

विटांबद्दल सावधचालक शंभर टक्के बरोबर. पण काम जमत नाही असं नाहीये. मी स्वतःच्या आणि मेव्हण्याच्या गाडीचं केलंय, दोन्ही छोट्या गाड्या. अवघड भाग पाना फिरवणं नाही, कुठलं गेलंय ते ओळखणं हा आहे, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने नेमकं तेच केलेलं नाही.

आडव्या बसवलेल्या इंजिनाला बहुतेक छोट्या गाड्यांत तीन फाउंडेशन असतात. एक टायमिंग चेनच्या बाजूला वर, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, हे बऱ्याचदा बॅटरीच्या ट्रेखाली लपलेलं असतं, आणि तिसरं मागे खाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) अंगाला. पहिली दोन इंजिनाचं वजन पेलतात. मागचं वजन फारसं घेत नाही, त्याचं काम इंजिनाला पुढे-मागे डोलू न देणं. म्हणून लक्षणंही वेगवेगळी. उभ्या गाडीत थरथर असेल तर आधी वरच्या दोघांवर संशय, क्लच सोडताना आणि रिव्हर्सला धप्प होत असेल तर मागच्यावर. तुम्हाला दोन्ही होतंय.

पण त्याआधी बघा की इंजिन मिस तर करत नाहीये, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटायचा राहत नाहीये. फाउंडेशन म्हणून पैसे घालायचे आणि निघायची प्लगची कॉइल, असं पुष्कळांचं होतं. मिस होत असेल तर थरथर एकसारखी नसते, मध्येच ठेचकाळल्यासारखं वाटतं, सायलेन्सरला हात धरला तर फुस-फुस-फट् असं लंगडत येतं. लांबून धरा, भाजेल. एकसारखी गुणगुण असेल तर फाउंडेशनकडे या.

आता टेस्ट. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, बोनेट उघडं. एकाने आत बसून डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर घट्ट, पहिला गिअर टाकून क्लच जरासा, इंजिनवर लोड येईपर्यंतच सोडायचा आणि परत दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. पुढे नाही आणि मागेही नाही, क्लचवरचा पाय घसरला तर गाडी अंगावर येते. मोबाईल स्लो मोशनला लावून शूट करा, डोळ्याला जे दिसत नाही ते त्यात दिसतं. इंजिन थोडं हलणारच, रबरावरच तर बसलंय. पण एखाद्या कोपऱ्यात ते उडी मारल्यासारखं उचललं जात असेल तर चोर तिथेच.

करा आणि सांगा. पाने नंतर.

---

रबरवाला | रविवार, सकाळी ११:२०

मी ३१ वर्षं अंबड एमआयडीसीत रबर-मेटलच्या कामात काढली, आता घरी असतो, म्हणून लिहितो. फाउंडेशन म्हणजे दोन लोखंडी तुकडे आणि मधे रबर, इतकंच लोकांना दिसतं. पण ते रबर लोखंडाला नुसतं दाबून बसवलेलं नसतं. लोखंड शॉट मारून खरवडतात, त्यावर बाँडिंगचं केमिकल लावतात आणि साच्यात रबर शिजतानाच ते लोखंडाला धरतं. चांगल्या कामात ओढून तोडलं तर रबर मधे फाटतं, लोखंडावरून सोलून निघत नाही. सोलून निघालं तर आमच्याकडे तो लॉटच बाद.

यात बहुतांशी नैसर्गिक रबर असतं, कारण हजारो वेळा ताण पडला तरी ते लवकर थकत नाही. पण त्याचा एक शत्रू आहे, तेल. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, काहीही. तेल प्यायलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग बाँड सुटतो. आणि आपल्याकडे सर्व्हिसिंगला इंजिन चकाचक दिसावं म्हणून डिझेलचा फवारा मारून धुतात! गिऱ्हाईक खूश, रबराची वाट.

तेव्हा तुम्ही असं करा. इंजिन गार असताना टॉर्च घ्या आणि प्रत्येक फाउंडेशनच्या रबरात अंगठ्याचं नख दाबा. चांगल्या रबरात नख जरा रुततं आणि खूण लगेच भरून येते. चपलेच्या जुन्या तळव्यासारखं टणक लागलं तर उष्णतेने वय झालंय. स्पंजासारखं, चिकट, हाताला काळं लागणारं असेल तर तेल प्यायलंय, आणि मग ते तेल येतं कुठून हे शोधल्याशिवाय नवीन टाकू नका. वरवर बारीक भेगा असतील तर घाबरायचं कारण नाही, ते हवेतल्या ओझोनने होतं. पण रबर आणि लोखंड यांच्या सांध्यात फट दिसली की ते संपलं.

अजून एक. काही गाड्यांत फाउंडेशनच्या पोटात द्रव भरलेला असतो. त्यातून काळा ओघळ आलेला दिसला तर बाकी तपासायची गरज नाही.

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जास्त डोलतं, हेही लक्षात असू द्या. ८०० आरपीएमला त्यात सेकंदाला २० ठिणग्या पडतात, चार सिलिंडरला जवळपास २७. जितका ठोका संथ तितका तो रबराला जिरवायला अवघड. त्यामुळे नवीन टाकल्यावरही गाडी एकदम शांत होईल अशी आशा धरू नका.

---

पाथर्डीफाटा | रविवार, रात्री ९:०५

काका, गोटीपाना, दोघांना साष्टांग नमस्कार. सगळं केलं.

मिस करत नाहीये, एकसारखी गुणगुण आहे. बायकोला आत बसवून व्हिडिओ काढला, तिला क्लचचं आधी समजावून सांगितलं तर म्हणाली मला गाडी येते, तू बाजूला हो. स्लो मोशनमध्ये जे दिसलं ते बघून पोटात गोळा आला. चेनच्या बाजूचा कोपरा चांगला बोटभर वर उडतो आणि परत आदळतो.

नखाची टेस्ट पण केली. गिअरबॉक्सकडचं नीट आहे, नख रुततं आणि भरून येतं. मागचं खालून टॉर्च मारून पाहिलं, रबराला आरपार भेग आहे, पलीकडचा उजेड दिसतो. आणि चेनच्या बाजूचं म्हणजे काका तुम्ही म्हणालात तसंच, बोट लावलं तर बुटाच्या पॉलिशसारखं काळं लागलं आणि रबर लोखंडापासून सुटून लोंबतंय. वर पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल पाझरतंय, अगदी थेंबथेंब, आणि ओघळ सरळ फाउंडेशनवर. सर्व्हिसिंगला कुणीच कधी काही बोललं नाही. डिझेलने धुतलेलं मात्र दर वेळी.

म्हणजे तीन नाही, दोनच, आणि वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग.

जागेचं पण जमलं. मामाकडे मखमलाबादला द्राक्षाची पॅकिंग शेड आहे, कोबा केलेला, एकदम सपाट. मामाकडे ट्रॅक्टरचा बाटली जॅक आणि पहार आहे. फक्त छाटणी चालू आहे त्यामुळे मामाचा मूड बघून जावं लागेल.

---

स्टेपनी | सोमवार, दुपारी १:३०

दादा, पार्ट घेताना एक काळजी घ्या, मी यात फसलेय. दुकानात डावं-उजवं सांगताना बोनेटसमोर उभं राहून सांगायचं नसतं, ड्रायव्हर सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर जे डावं ते डावं. मी मुंबई नाक्यावरून उलटंच घेऊन आले आणि परत घ्यायला दुकानदार तयार नाही, पाकीट फोडलेलं. जुनं काढून हातात घेऊन जाणं सगळ्यात बरं, पण मग गाडी जागेवरच राहते, रिक्षाने जावं लागतं. नाहीतर चॅसिस नंबरवरून काढायला सांगा.

स्वस्तातलं घेऊ नका. पहिल्या वेळी ४५० वालं टाकलं होतं, आवाज गेला पण गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरायला लागली, आधीपेक्षा जास्त. रबर दगडासारखं होतं. सहा महिन्यांनी परत तेच काम.

आणि इंजिनाकडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, बोल्ट लोखंडी. पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. पाना लावून सुरुवात केली की आटे गेलेच समजा, आणि ते बसवून घ्यायला खराडवाल्याकडे गाडी न्यायची कशी?

---

रबरवाला | सोमवार, दुपारी ४:००

ताई म्हणतात ते बरोबर. स्वस्त मालात भरणा आणि रिक्लेम, म्हणजे जुन्यातून परत काढलेलं, रबर जास्त असतं, म्हणून टणक. टणक रबर वजन छान पेलतं पण थरथर जशीच्या तशी बॉडीत सोडतं. पाकिटावर बनवल्याची तारीख असेल तर बघा, रबर कपाटात पडूनही म्हातारं होतं.

---

गोटीपाना | सोमवार, रात्री ८:४५

आता काम. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक इंजिनाखाली लावायचा नाही, तो घरीच ठेवा. मामाचा बाटली जॅक चालेल, पण आधी टेप घेऊन चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) ते जमीन किती अंतर आहे ते मोजा. बाटली जॅक उंच असतो, त्यात वर लाकूड ठेवायचं, छोट्या गाडीखाली मावत नाही कधीकधी. नाही मावला तर गाडीचं तोंड आधी उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्या लागतील. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, भाड्याने मिळतात. विटा नाहीत, फरश्या नाहीत, टायर नाही. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मामा धरून उभे असले तरी नाही.

इंजिन पूर्ण गार. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. गिअरमध्ये असेल तर इंजिन पीळ धरून बसतं आणि बोल्ट हलत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. चेंबरखाली जॅक थेट लावलात तर पत्रा आत जाईल आणि आतली ऑइलची जाळी दबली तर इंजिनच उपाशी मरेल. म्हणून रुंद, जाड लाकूड, आणि ते ऑइल काढायच्या बोल्टवर येता कामा नये.

जॅक किती उचलायचा? फक्त वजन घेईपर्यंत. लोक इथे चुकतात, इंजिन दिसायला वर आलं की खूश होतात, तोवर रेडिएटरचा होज, एसीचा पाइप, सायलेन्सरचा जोड सगळे ताणलेले. बोल्टच सांगतो कधी थांबायचं. पाना लावून बोल्ट सैल केला आणि तो बोटाने फिरायला लागला तर वजन बरोबर घेतलंय. अडकत असेल तर हातोडी घेऊ नका, जॅक केसभर वर किंवा केसभर खाली करून बघा. एका जागी तो आपोआप मोकळा होतो.

एका वेळी एकच फाउंडेशन. दोन एकदम सोडली तर इंजिन सरकतं आणि मग भोकं जुळवण्यात दिवाळी जाईल. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारा, रबराला लागू न देता. पाने बहुतेक १४ आणि १७ चे लागतील, मागच्यासाठी लांब एक्स्टेन्शन ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे गॅरेजवालेही करत नाहीत. बोल्ट आवळायचे ते जॅक काढल्यावर. आधी सगळे हाताने लावून नुसते टेकवायचे, जॅक खाली घ्यायचा, इंजिन दोन हातांनी धरून पुढे-मागे हलवायचं म्हणजे ते स्वतःच्या वजनाने जिथे बसायचं तिथे बसतं. मग वरचे आवळा, मागचं शेवटी. टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना), आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, कुणाच्या व्हिडिओतला नको.

---

सावधचालक | सोमवार, रात्री ९:१०

घोड्या भाड्याने घेणार असाल तर माझा विरोध मागे. फोटो टाका.

---

पाथर्डीफाटा | रविवार, संध्याकाळी ७:३०

झालं एकदाचं! सकाळी ९ ला सुरू केलं, ४ वाजले. गॅरेजमध्ये दीड तासात झालं असतं हे मान्य.

आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं कारण ते केल्याशिवाय बाकी सगळं फुकट होतं. कव्हर काढल्यावर जुनं पॅकिंग हातात घेतलं तर फुटपट्टीसारखं कडक, वाकवलं तर कट्कन तुटलं. नवीन बसवलं, ओघळ चिंधीने पुसून काढला. डिझेल नाही काका, नुसती कोरडी चिंधी.

मग चेनच्या बाजूचं. चेंबर ते कोबा १८ सेंटीमीटर भरले, बाटली जॅक उभाच राहिना, म्हणून गाडी घोड्यांवर घ्यावीच लागली. बोल्ट मोकळा व्हायची जी जागा तुम्ही सांगितली ना गोटीपाना, ती शोधायला मला पाऊण तास लागला. मी जॅकचा दांडा मारतोय, बोल्ट अडतोय, परत सोडतोय, परत अडतोय. मामा छाटणीवरून चहाला आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले, मग म्हणाले दामटतोस कशाला, सरक. दांड्याला हात लावला आणि नखाएवढं खाली सोडलं. बोल्ट दोन बोटांत फिरून बाहेर. ट्रॅक्टरची आख्खी जिंदगी त्या हातात आहे, आपण गोटी सेट घेऊन मिरवतो.

जुनं बाहेर आलं ते दोन तुकड्यांत. लोखंड वेगळं, रबर वेगळं. काका, तुम्ही म्हणालात तसं रबर फाटलेलं नाही, सोलून निघालंय, लोखंड एकदम गुळगुळीत. नवीन शेजारी ठेवलं तर जुन्याच्या मानाने चांगलं उंच दिसतं, म्हणजे इंजिन इतके दिवस एका बाजूला बसलेलंच होतं.

नवीन लावताना एका बोल्टने दुसऱ्याच आट्याला पाना मागायला सुरुवात केली. स्टेपनीताई, तुमची आठवण झाली. काढला, भोक पुसलं, बोल्ट उलटा फिरवत फिरवत जिथे टक् करून बसला तिथून सरळ फिरवला. बोटांनी सहा आटे गेला.

आता माझा गाढवपणा. मागचं झालं तोवर ३ वाजले होते, भूक लागलेली, मामी दोनदा हाक मारून गेल्या, आणि मी जॅक असतानाच सगळं टॉर्क पान्याने आवळून टाकलं. गाडी चालू केली तर मिक्सर! स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त थरथरतंय. आधी वाटलं पार्टच खराब, मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या. जेवताना तुमचं वाक्य आठवलं, तसाच उष्ट्या हाताने उठणार होतो, मामीने बसवलं. जेवून परत सगळे सैल केले, जॅक काढला, इंजिन धरून हलवलं तर आतून हलका कट् असा आवाज झाला आणि ते खरंच सरकून बसलं. मग आवळलं. चालू केली आणि मी मामाकडे बघतोय, मामा माझ्याकडे. निम्म्याहून जास्त थरथर गायब.

धप्प पूर्ण गेलं. उचकी गेली. गिअरसुद्धा अलगद पडतोय, हे अपेक्षित नव्हतं. फक्त एसी लावल्यावर पायाखाली बारीकशी भुणभुण राहिलीये.

खर्च दोन फाउंडेशन ३,१५०, पॅकिंग ४२०, घोड्यांचं भाडं २००.

---

गोटीपाना | रविवार, रात्री ८:२०

वा भाऊ, मानलं! भुणभुण पायाखाली असेल तर सायलेन्सरची लटकवायची रबरं बघा. इंजिन वर आलं म्हणजे सायलेन्सरचं तोंडही वर आलं, कुठेतरी पाइप नाहीतर उष्णतेचा पत्रा बॉडीला टेकत असणार. गार असताना सायलेन्सर हाताने हलवा, खडखड कुठे होते ते कळेल.

---

रबरवाला | रविवार, रात्री ९:००

छान केलंत. आणि ते जुनं फेकू नका हो, शक्य असेल तर त्या गुळगुळीत लोखंडाचा फोटो टाका. सवय आहे, बघितल्याशिवाय चैन पडणार नाही.

---

पाथर्डीफाटा | मंगळवार, रात्री १०:१०

फोटो खाली टाकलाय काका. भुणभुणचा चोर सापडला, सायलेन्सरचं मधलं रबर तुटलेलं, पाइप पत्र्याला टेकत होता. ६० रुपयांचं रबर. काल एसी लावून गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारली, बायको म्हणाली बंद पडली का गाडी.

---

स्टेपनी | मंगळवार, रात्री १०:३०

अभिनंदन दादा! एक विचारायचं होतं, चेंबरखाली लाकूड कुठलं लावलंत? फोटोत कोपऱ्यात दिसतंय ते फळीसारखं वाटत नाही, त्याला खाली दोन पट्ट्या आहेत.

---

पाथर्डीफाटा | मंगळवार, रात्री ११:०५

ताई हळू बोला. तो आजीचा सागवानी पाट आहे, मामींच्या देवघराशेजारून उचलला होता, रुंद आणि जाड दुसरं काही दिसेना. जॅकच्या डोक्याचा गोल खड्डा पडलाय बरोबर मध्यभागी. पुसून, उलटा करून जागच्या जागी ठेवलाय, पण अभ्यंगाला तोच काढतात आणि नरक चतुर्दशीला आम्ही तिकडेच आहोत.

---

सावधचालक | मंगळवार, रात्री ११:१२

यावर कुणाकडे उपाय असेल तर लिहा, हे काम गॅरेजवालाही करून देणार नाही.

---

गोटीपाना | बुधवार, सकाळी ७:१५

खड्ड्यात पाणी भरून त्यावर ओला फडका आणि गरम इस्त्री. सागवान फुगून बरंच वर येतं. उरलेल्यावर रांगोळी काढा.